डोळ्यावर येणारी माणसं

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत भेटलं की आम्ही एकमेकांना सलाम म्हणतो. आज समोर ख्रिस्ती नसलेली माणसंही पुष्कळ बसली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आणि मुद्दाम सांगणं हाच आजचा माझा विषय आहे. पत्रिकेत ‘सार्वजनिक जीवन, सरकार आणि ख्रिस्ती माणूस’ असं भारदस्त छापलंय. मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. सातबारा वाचायची सवय, भारदस्त बोलायची नाही. पण हा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. दहा-बारा वर्षं तो माझ्या डोक्यात आहे, आणि आज तो बोलायलाच हवा.

येताना तुमच्यातले निम्मे शरणपूर रोडने आले असतील. महापालिकेचं मुख्यालय, राजीव गांधी भवन, याच रस्त्यावर आहे. घरपट्टी, जन्मदाखला, नळजोडणी, कशा ना कशासाठी सगळं शहर या रस्त्याला येतं. पण शरणपूर हे गाव कोणतं, असं रिक्षावाल्याला विचारा. तो तुम्हाला सिग्नल दाखवेल. नावात अर्थ उघडा पडलेला आहे: शरण आलेल्यांचं गाव. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही वस्ती वसवली. ख्रिस्ती झाल्यामुळे घरातून, भाऊबंदकीतून, गावच्या विहिरीवरून तुटलेल्या माणसांना राहायला जागा हवी होती. तिथे शाळा होती, सुतारकी आणि लोहारकाम शिकवत होते, शेती होती. माझ्या आईचं माहेर तिथलं.

१८६० च्या सुमारास या वस्तीत आफ्रिकेतली मुलं आली. हे ऐकलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवायचं. सुटलेल्या मुलांना परत कुठे नेणार? गाव जळलेलं, आईबाप विकले गेलेले. त्यातली काही मुंबई बंदरात उतरवली, आणि तिथून काही आपल्या नाशकात आली. शरणपुरात त्यांच्यासाठी आश्रम होता. पुढे आफ्रिकेच्या इतिहासात ही मुलं ‘नासिक बॉइज’ म्हणून नोंदली गेली. आपल्या शहराचं नाव त्या खंडाच्या इतिहासात आहे आणि आपल्याच पोरांना ते ठाऊक नाही.

ती गलबतं अडवायची हे ठरलं कुठे? लंडनच्या पार्लमेंटमध्ये. विल्यम विल्बरफोर्स नावाचा एक खासदार १७८९ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिल्यांदा उभा राहिला. १७९१ मध्ये त्याच्या प्रस्तावाला ८८ मतं पडली आणि विरोधात १६३. तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा पडला. वर्षामागून वर्षं हेच. १८०७ मध्ये तोच प्रस्ताव २८३ विरुद्ध १६ असा मंजूर झाला. हे आपण आपल्या श्रद्धेपोटी करतो आहोत, असं तो उघड म्हणत असे, आणि त्याबद्दल त्याची टवाळीही भरपूर झाली. इथे एक गोष्ट मी लपवणार नाही. ज्यांची ती गुलामांची जहाजं होती, त्यातलेही कितीतरी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत होते. म्हणजे दोन्ही बाजूंना ख्रिस्ती नाव होतं. फरक एवढाच की एकाने आपला रविवार सोमवारी पार्लमेंटमध्ये नेला आणि दुसऱ्याने तो चर्चच्या दारात चपलांपाशी ठेवला.

त्या मुलांपैकी जेकब वेनराइट. याची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगणार आहे. आयोजकांनी रागावू नये.

जेकब याओ जमातीचा. गुलामांच्या गलबतावरून सुटला आणि नाशकात शिकला. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे मिशनरी आणि शोधक आफ्रिकेच्या आतल्या भागात होते, त्यांच्या मदतीला १८७२ मध्ये जी माणसं पाठवली, त्यांत नाशिकच्या शाळेतली ही मुलं होती. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. जवळ एकही गोरा माणूस नाही. सगळे आफ्रिकन सोबती, त्यांत चुमा आणि सुसी हे जुने. किनारा दीड हजार किलोमीटरच्या पुढे. मृतदेह गावातून न्यायचा तर लोक वाट देत नाहीत, अपशकुन मानतात. पुरून मोकळं व्हायचं, हाच शहाणपणा होता. या माणसांनी ठरवलं की देह घरी पोचवायचा. त्यांनी हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. इतरांपेक्षा लिहिता-वाचता जास्त येणारा जेकबच होता. त्याने प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी मोठ्याने वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर मृताचं नाव कोरलं. देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला आणि ते चालायला लागले.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा प्रसंग. वाटेत लेफ्टनंट कॅमरन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सुचवलं की इथेच पुरा, पुढचा रस्ता धोक्याचा आहे. साहेबाचा शब्द, आणि ते कोणाचे कोण? तरी नाही म्हणाले. देह १८७४ च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला लागला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्या मानकऱ्यांत एकटा आफ्रिकन. नाशिकचा विद्यार्थी.

या मुलांना धर्म कुणी विचारून दिला नव्हता, हेही मी जाणते. पोरकं मूल आश्रमात येतं तेव्हा त्याला निवड नसते. तो प्रश्न खरा आहे आणि आपण ख्रिस्ती माणसांनी तो टाळू नये. पण झाडाखाली उभा राहून वाचणाऱ्या त्या तरुणाला तिथे कुणी बघत नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं, आणि साहेबाला ‘नाही’ म्हणताना त्याचा कसलाही फायदा नव्हता. ती निवड त्याची स्वतःची होती.

आता शरणपुरापासून आपल्यापर्यंत काय झालं? शरण आलेल्यांचं गाव होतं, त्याचं पुढे कंपाउंड झालं. हा शब्द आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांच्या तोंडी किती सहज आहे बघा. ‘कुठे राहता?’ ‘कंपाउंडात.’ मिशन कंपाउंड, हॉस्पिटल कंपाउंड, शाळेचं कंपाउंड. ज्या काळी बाहेर विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्या काळी त्या भिंतीने आमच्या आजी-पणजींना जगवलं. भिंतीचे माझ्यावर उपकार आहेत. पण पाण्याचा प्रश्न मिटला, नळ आला, आणि भिंत आमच्या जिभेवर जाऊन बसली. बाहेर गेलं की धर्माचं नाव काढायचं नाही. आडनाव तसं असेल तर प्रश्नच नाही. जाधव, गायकवाड, साळवे, कुणाला कळणार? शाळेच्या डब्यात नाताळची करंजी नेली तरी ‘दिवाळीची उरली’ म्हणायचं. हे मी केलेलं आहे, चौथीत असताना.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. तालुक्याचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही, कारण मला इथे कुणाचा हिशेब चुकता करायचा नाही.

२०१४ चा मार्च. गारपीट आठवते ना? समोर द्राक्षवाले बसलेत, त्यांना विचारायची गरज नाही. काढणी तोंडावर आलेली. मी तेव्हा मंडळ अधिकारी होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून शेतावर जाऊन पंचनामा करायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि मी तो तपासायचा. सकाळी सातला निघायचो. ज्यांनी गारपिटीनंतरची बाग पाहिली नाही त्यांना सांगते. पहिल्या दिवशी बाग फार वाईट दिसत नाही. पानं फाटलेली, खाली सडा. पण घड हातात घेतला की मण्यावर बारीक तडा दिसतो. दोन दिवसांत त्यातून रस येतो, बुरशी धरते, माशा घोंगावतात आणि बागेत शिरलं की दारूसारखा आंबूस वास येतो. काडीला गार लागली असेल तर ती जखम पुढच्या हंगामाचंही नुकसान करते, पण पंचनाम्याच्या कागदात पुढच्या हंगामाला रकाना नसतो.

त्या वेळी अट होती की नुकसान पन्नास टक्क्यांच्या वर असेल तरच मदत. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, ती तेहतीस टक्क्यांवर आली. पण आम्ही फिरत होतो तेव्हा पन्नासच. म्हणजे पंचेचाळीस आणि पंचावन्न यांच्यामध्ये एका कुटुंबाचं वर्ष उभं होतं, आणि तो आकडा लिहिणारे आम्ही. त्या आठवड्यात मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात केली नव्हती. घरी गुडघे टेकून नव्हे, बागेत, घड मोजताना.

तिसऱ्या दिवशी एक चिठ्ठी आली. अकरा नावं. त्यांतल्या बहुतेक बागांची छाटणी लवकर झालेली, माल गारपिटीच्या आधीच उतरून गेलेला. रिकाम्या वेलींवर ऐंशी टक्के नुकसान लिहायचं होतं. चिठ्ठी कुणाकडून आली हे इथे महत्त्वाचं नाही. महसुलात काम केलेल्या कुणालाही ते ओळखता येईल. तलाठी पोरगा नवीन होता, लग्न ठरलेलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मी लिहितो, तुम्ही फक्त वाचू नका.’ हे वाक्य मी विसरलेले नाही. ‘फक्त वाचू नका.’ किती सरकारी कागद या तीन शब्दांवर चालतात!

मी वाचलं. अकराही शेतांवर पुन्हा गेले, माल उतरल्याच्या व्यापाऱ्यांच्या पावत्या मागितल्या, आणि जे दिसलं ते लिहिलं. त्याच यादीच्या शेजारी एका म्हाताऱ्या वारकरी बाबांची पाऊण एकराची बाग होती. ते कुणाच्याच यादीत नव्हते, कारण त्यांचा सातबारा अजून मेलेल्या भावाच्या नावावर चालू होता. वारसाची नोंदच कुणी घेतलेली नव्हती. त्यांची बाग खरोखर गेलेली होती. मी पंचनामा केला, वारसाचा अर्ज तिथेच बांधावर बसून लिहून घेतला.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मला कारणे दाखवा नोटीस आली, विलंब केल्याबद्दल. मी उत्तर दिलं. दोन महिन्यांनी बदली झाली. मुलगी बारावीला होती. असो. सरकारी नोकरीत हे अनेकांना झालंय, माझं काही वेगळं नाही. मला त्याचा राग नाही.

माझी खंत दुसरीकडची आहे. बदली झाली त्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. मायेचा माणूस. माझ्या बाप्तिस्म्याला हजर असलेला. म्हणाले, ‘बाई, तू केलंस ते बरोबर असेल. पण आपण मूठभर माणसं. डोळ्यावर यायचं नाही. पौलाने लिहून ठेवलंय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा.’

डोळ्यावर यायचं नाही. हा आमच्या समाजाचा अकरावा नियम आहे. दहा आज्ञा सिनाय पर्वतावर मिळाल्या, ही अकरावी कंपाउंडात मिळाली. आणि ती देणारे वाईट नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी ज्या भीतीने ती दिली ती भीती खोटीही नव्हती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार होती. शंभरातला एक पुरता भरत नाही. अलीकडे प्रार्थनासभांवर जमाव चालून गेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मी कुणाला भित्रा म्हणायला आलेले नाही.

पण पौलाचं नाव निघालं म्हणून मी घरी जाऊन पौलच वाचला. पौल म्हणजे येशूचा प्रेषित, बायबलमधली कितीतरी पत्रं त्याची. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय त्याचाच. पण प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, सोळाव्या अध्यायात, फिलिप्पै शहरात हाच पौल काय करतो? चौकशी न करता त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकात फटके मारले, तुरुंगात घातलं. रात्री भूकंप झाला, दारं उघडली, तरी तो पळाला नाही. सकाळी अंमलदारांनी शिपायांबरोबर निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. झालं, सुटले! आमच्या मंडळीतला कुणी असता तर मागच्या दाराने स्टँड गाठला असता. पौल म्हणतो, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत. आम्हाला चारचौघांत मारलंत, आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. घाबरून आले, विनवणी करत.

मला वाटतं पौलाने हे स्वतःच्या मानासाठी केलं नाही. त्या शहरात लुदिया नावाच्या बाईच्या घरी नुकती एक छोटी मंडळी सुरू झाली होती. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई. पौल उद्या निघून जाणार, ती माणसं तिथेच राहणार. त्यांच्या गुरूला चोरासारखं मागच्या दाराने काढलं असतं, तर उद्या त्यांच्या दारावर कुणीही धोंडा मारला असता. म्हणून त्याने कायदा पुढे केला, नागरिकत्व पुढे केलं, आणि अधिकाऱ्यांना पुढच्या दाराने यायला लावलं. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा हे लिहिणारा हाच माणूस. अधीन राहणं म्हणजे अधिकाऱ्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून देणं, हेही त्यात येतं.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या मार्चमध्ये मात्र मी एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही बोलण्याचा हक्क नाही. त्या वारकरी बाबांनी मला बांधावरच विचारलं होतं, ‘ताई, तुम्ही कुठल्या देवळात जाता?’ किती साधा प्रश्न. गळ्यात माळ असलेला माणूस, प्रेमाने विचारतोय. मी म्हणाले, ‘मी शरणपूरला जाते.’ तो समजला, तिथे एखादं देऊळ असेल. मी त्याचा तो समज तसाच राहू दिला. ज्या श्रद्धेने मला अकरा शेतांवर परत पाठवलं, तिचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी रस्त्याचं नाव सांगितलं.

आयोजकांची चिठ्ठी दिसली. किती मिनिटं? दहा? बरं.

म्हणजे माझा आग्रह दोन अर्ध्यांचा आहे. आपल्यातले काही प्रामाणिकपणे काम करतात, पण कुणाचे आहोत ते सांगत नाहीत. काही जण मोठमोठ्याने सांगतात आणि त्यांच्या कामाबद्दल कुणी काही सांगू शकत नाही. दोन्ही अर्धे एकाच माणसात हवेत. आपल्या मातीत तशी माणसं झालीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या इंग्रजांच्या लाडक्या होऊन बसल्या असत्या. पण १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्यावर त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. स्वतःच्या धर्माच्या सरकारविरुद्ध, स्वतःच्या धर्माच्या पेपरात, स्वतःच्या नावाने. गव्हर्नरने ते दिशाभूल करणारं ठरवलं, पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! इथल्याच जलालपूरच्या, शेवटी १९३६ मध्ये नाशकातच गेल्या. नवरा ख्रिस्ती झाला त्यानंतर पाच वर्षं त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि झाल्या तेव्हा स्वतःच्या मनाने झाल्या. आयुष्यभर कुणापासून काही लपवलं नाही, म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्यांना आपलं म्हटलं. लपवलं असतं तर कुणी वाचलं असतं का त्यांना?

मुंबईचे काका बॅप्टिस्टा घ्या. माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर. १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग काढली तिचे अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. ‘काका’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं. वसईचे फादर दिब्रिटो झगा घालून भूमाफियांविरुद्धच्या हरित वसईच्या आंदोलनात उतरले. ते पाणी आणि झाडं ख्रिस्ती-हिंदू सगळ्यांची होती. त्याच माणसाला २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. कुणाला खटकलं, पत्रं आली, फोन आले. ते तरी गेले, बोलले.

आता जे मुळात बोलायचं कबूल केलं होतं ते. घाईने सांगते.

पहिलं, संविधान. संविधान सभेचे उपाध्यक्ष एक बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक होते, हरेंद्रकुमार मुखर्जी. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा हे त्याच्या बाजूने उभे राहिले. आम्हाला वेगळा कोपरा नको, सगळ्यांबरोबर उभं राहू द्या, अशी ती भूमिका. माझ्या मते ही आपल्या इतिहासातली सगळ्यात धीट गोष्ट आहे. आपण सीट सोडली आणि मग उभं राहायचंच विसरलो. पुढे ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले, आयुष्यभराची कमाई कलकत्ता विद्यापीठाला दिली. राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री, दिल्लीचं एम्स त्यांनी उभं केलं. ख्रिस्ती होत्या, हे आपल्या मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही कळत नाही.

अनुच्छेद २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. ६ डिसेंबर १९४८ ला ‘प्रसार’ या शब्दावर सभेत मोठा वाद झाला, तो शब्द राहिला, आणि ठेवा म्हणणाऱ्यांत हिंदू सभासद होते. हे विसरू नका. पण खुर्चीवर बसून प्रसार करायचा नाही, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणते. सरकारी टेबल सगळ्यांचं आहे. दाखला घ्यायला आलेल्याला पत्रक देणं हा त्याच्या गरजेचा गैरफायदा आहे. आपण कोण हे सांगणं वेगळं, त्याला कोण व्हायचं हे सांगणं वेगळं.

दुसरं, कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे आमच्यातली कितीतरी घरं शाळेच्या दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरी आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दुहेरी नोंदीला संविधानाची फसवणूक म्हटलं. माझ्या मते हा आदेश अन्यायाचा आहे. चर्चमध्ये आलं म्हणून गावकुसाबाहेरचं घर गावात येत नाही, आणि खुद्द आमच्या मंडळ्यांमध्येही लग्न ठरवताना जात विचारतातच. पण अन्यायाशी लढायचं ते नाव लपवून नाही. ज्यांनी दाखल्यावर खरं लिहिलं आणि सवलत गमावली, अशी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांच्यामागे मंडळीने वर्गणी काढून उभं राहायला हवं. ते आपण करत नाही. आणि उघड उभं राहणं म्हणजे काय, हे या शहराला शिकवायची गरज नाही. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात हजारो माणसं उभी राहिली ती याच गावात.

तिसरं, निवडणूक. ख्रिस्ती मतांचा गठ्ठा बांधायला मी सांगत नाही. गठ्ठा बांधला की तो विकायला माणूस लागतो. मी सांगते, वॉर्डाच्या सभेला जा. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या नाल्याबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज टाका, त्यावर आपलं पूर्ण नाव घाला. उमेदवारी करा, पडा, पुन्हा करा. विल्बरफोर्सचे आकडे मघाशी सांगितले ते त्यासाठीच. बाल येशूच्या यात्रेला नाशिकरोडला सगळ्या धर्मांची माणसं येतात, नवस बोलतात. लोकांना आपली ॲलर्जी नाही. आपणच आपल्याला घाबरतो.

दुसरी चिठ्ठी. एकच मिनिट.

या डिसेंबरात मी त्या वारकरी बाबांच्या गावी गेले. मुद्दाम, बसने, नाताळचा फराळ घेऊन. बाबा आता नव्वदीच्या जवळ आहेत, ऐकू कमी येतं. मी त्यांना मोठ्याने सांगितलं की त्या वेळी मी अर्धंच सांगितलं होतं. मी ख्रिस्ती आहे, शरणपूरला चर्चमध्ये जाते. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या चार घरांनाही कळलं. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाले, ‘बरं केलं सांगितलं.’ करंजी खाल्ली. मग सुनेला आतून एक पिशवी आणायला लावली. पिशवीत फेरफाराची नोटीस होती, धाकट्या नातवाच्या नावाची, चुकीच्या गट नंबराची. म्हणाले, ‘ताई, हे जरा वाचून द्या.’

मी चष्मा लावला आणि ओट्यावरच वाचायला बसले. अर्ज लिहून होईपर्यंत शेवटची बस गेली, रात्री तिथेच राहिले.

थांबते. सलाम.